विषय क्रमांक चार

विक्रोळीला, कन्नमवार नगरात, आमच्या सोसायटीच्या ऑफिसात
सात खुर्च्या आहेत, त्यांतली एक मोडकी,
आणि तिच्यावर कोणी बसायचं यावरसुद्धा
आमचं कधी एकमत झालेलं नाही.
टाकीची गळती तीन वर्षं इतिवृत्तात गळते आहे.
छेडा बोभाट्यांशी बोलत नाहीत,
बोभाटे जे बोलतात ते अणावकर वहिनींना लागतं.
मी चिटणीस. मी लिहून घेते.

विषय क्रमांक चार : सहाशे दोनची भाडेकरू.
नाव झोथानपुई, परळच्या इस्पितळात नर्स.
ती बाहेर मीटरच्या पेट्यांपाशी उभी होती.
नाव दोनदा वाचून झालं, कुणालाच नीट म्हणता येईना,
मग बोभाटे म्हणाले,
"त्या लोकांच्या स्वयंपाकाला वास असतो."

"हो ना," छेडा म्हणाले.
छेडा. बोभाट्यांना. "हो ना."
गेल्या गणपतीनंतरचे पहिले दोन शब्द.
अणावकर वहिनींनी पुतण्याच्या ऑफिसातलं काहीतरी सांगितलं,
रात्रीबेरात्रीचं, पाहुण्यांचं,
कुणीतरी चहा मागवला,
मोडकी खुर्ची बोभाट्यांनी आपणहून ओढून घेतली.
खोटं कशाला सांगू, बरं वाटलं मला.
एका पंख्याखाली सात माणसं आणि एकच "आपण",
तेही दाराबाहेरच्या
एकाच बाईच्या भावात.

माझे वडील भायखळ्याला एका डॉक्टरकडे कंपाउंडर होते.
गर्दी झाली की म्हणायचे,
आता चेहरे बघायला सवड नाही, सगळ्यांना लाल औषध.
बाटलीला कागदाची पट्टी, तीन खाचा, पुढचा या.
याच वडिलांना माटुंग्याच्या घरमालकानं
खोली उघडण्याआधी गाव विचारलं,
आणि मालवण ऐकून नाकाला रुमाल लावला.
माशाचा एक काटाही तेव्हा त्यांच्या खिशात नव्हता.
पुढे जिथे मिळाली त्या खोलीत
आई सुकट भाजायची ती खिडकी लावून,
दाराच्या फटीत ओलं पोतं कोंबून,
आणि शाळेत जाण्याआधी
आमचे हात स्वतः हुंगून बघायची.

हे मी मीटिंगमध्ये सांगितलं नाही.
मी लिहून घेत होते.

तिला आत बोलावलं.
ती आमच्याकडे बघत राहिली, वॉर्डात बघत असेल तशी,
एकेक खुर्ची, एकेक खाट,
आणि म्हणाली, "घाबरू नका."
तिची मराठी पेशंटांकडून आलेली,
सहा वर्षांची, सगळी उशापायथ्याची :
कड बदला. श्वास सोडा. दुखतं तिथे बोट ठेवा.
"आपण बोलून घेऊ या ना," ती म्हणाली,
गोळी देताना म्हणतात तसं "आपण",
ज्यात देणाराही असतो आणि गिळणाराही.

"आमच्याकडे," छेडा म्हणाले,
"पार्किंगची अडचण आहे."
"माझ्याकडे गाडी नाही."
"तरी."

ती गेली. चहा आला.
कप आठ होते, पोऱ्यानं दारातली बाईही मोजली होती.
टाकीचा विषय पुन्हा निघाला
आणि छेडा अर्धा कप ठेवून उठून गेले.

रात्री इतिवृत्त पक्कं करायला बसले.
अर्ज सर्वानुमते नामंजूर. कारण, पार्किंग.
"सर्वानुमते" आमच्या वहीत पहिल्यांदाच येत होतं,
नु पहिला की दुसरा, शब्दकोश काढावा लागला.
शेजारच्या ब्लॉकमधून फोडणीचा वास येत होता,
कुणाचा ते मला कधीच कळत नाही.
सही केली, पेनाला टोपण लावलं,
आणि किती वर्षांनी
उजवा हात नाकाशी नेऊन हुंगला,
कुणाला दाखवायचा होता कोण जाणे.