मानस

सोमवारी त्याला शेवटो आला, काळुंदर आलं,
बुधवारी शंभरात सत्त्याण्णव.
काल चोणक शिकवला, दोनशे फोटो, तासाभरात.
आज शेवटो दाखवला तरी म्हणतं: चोणक.
काळुंदर? चोणक.
बाश्त्यांवची चप्पल?
चोणक.

बाश्त्यांव हसला नाही.
जुव्याच्या खाजनात तीस वर्षं मानस सांभाळतो तो;
पाणी आतबाहेर करणाऱ्या लाकडी दाराला इथे मानस म्हणतात.
मनाशी त्याचा संबंध मी लावला, त्यानं नाही.

“सगळी भरती आत घेतलीस,” म्हणाला,
“शेत खारं झालं तुझं.”
मग बांधावरचा चिखल टाचेनं दाबत,
जरा वेळानं:
“दार हलू दे. बांध नको.”

रात्री नव्या फोटोंत जुने मिसळले,
दर घासाला दोन-तीन.
ज्या वजनांत शेवट्याचा जीव होता
ती घट्ट केली, बाकीची सैल.

पहाटे ओहोटी. दाराच्या जाळ्यात काहीतरी चकाकलं.
मी मोबाइल पुढे धरला.
शेवटो, ऐंशी टक्के.

“ऐंशी पुरे,” बाश्त्यांव कंदील खाली ठेवत म्हणाला,
“काळोखात मलाही तेवढंच दिसतं.”