बाटली आणि चमचा

यूलाली, तुझ्या आईची शिलाई मशीन
लव्हेंटीलच्या टेकडीवर रात्रभर चालायची,
पायडल खाली, पायडल वर.
तुझा पहिला ठेका तिथला.
गणवेशांच्या कॉलरी मोजता मोजता
शब्द मोजायला शिकलीस.

तेलकामगारांच्या संपात ट्रकवर चढलीस,
माइक नव्हता.
मी रमच्या रिकाम्या बाटलीवर चमचा बडवत होतो.
म्हणालीस, "हळू रे ऑस्बर्ट,
शब्दाला पाय टेकू दे."
रेडिओने चार वर्षं तुला वाजवलं नाही.
बेकरीतली पोरं कणीक तिंबताना
तुझ्याच ओळी म्हणत.

मग लंडन. तळघरातला हॉल, ओले कोट,
सतरा माणसं, त्यांतली तीन झोपलेली.
बाहेर बर्फात उभी राहून विचारलंस,
"एवढं पडतंय, आणि आवाजच नाही?"
त्या एका प्रश्नावर अख्खी रेकॉर्ड केलीस.
खपली नाही.

आता घसा गेलाय.
डॉक्टरीणबाई म्हणतात, कुजबुजसुद्धा नको.
काल कार्निव्हलच्या पहाटे
अंगाला चिखल फासलेली गर्दी
तुझ्या खिडकीखाली थांबली, वर बघत.
तू काही बोलली नाहीस.
चादरीखाली फक्त पाय हलला,
खाली, वर,
आणि मला मेला चमचाच सापडेना.