आतला टाका

हरभट रोडवरच्या माझ्या दुकानात
पाच लाल झगे, एकाच थानातले.
सोमवारी सेटवरून फोन:
टोळी फुटली, मास्तर.
दोघांना काळं अस्तर लावा.

आता शलाका नि धैर्यशील
आयर्विन पुलाच्या सांगलवाडीकडच्या टोकाला,
तिघं अलीकडे.
मधे क्रेन, खाली कृष्णा,
आणि चहावाला कुणाकडचा, ते ठरेना.

रात्री शटर अर्धं ओढलेलं,
शलाका वाकून आत आली,
हातात भडंगाची पुडी.
"आतून एक टाका लालच ठेवा.
कॅमेऱ्याला कुठं दिसतोय?"

दुपारी म्होरक्याचा झगा आला,
उडी मारताना खांद्यात उसवलेला.
उलटा केला, तर कॉलरखाली
काळा टाका.
वेडावाकडा. माझ्या हातचा नव्हे.

खांदा तेवढा शिवून दिला.