शेपटीचा पत्ता

माझं काम कागद जोडण्याचं.
परळला, मागल्या बाजूची एक सरकारी खोली,
गव्हाची खळ, जपानी कागद, हाडाची पट्टी,
दिवसाला सहा पानं, फार तर सात.
ही वही आली तेव्हा वाटलं, भाडेवसुलीची असेल:
गल्ली, घर नंबर, मजला, खोली.
मग शेवटचा रकाना वाचला.
काळा, मादी, गाभण.
करडा, नर, कुजलेला.

प्लेगची सालं.
माणसं मोजून दमले तेव्हा उंदीर मोजायला घेतले.
पहाटे पत्र्याच्या डब्यांतून यायचे,
शेपटीला सुतळी, सुतळीला चिठ्ठी,
चिठ्ठीवर तो मेला तिथला पत्ता.
निम्म्या शहराला तेव्हा धड पत्ता नव्हता,
अमक्याच्या चाळीत, तमक्या पिंपळामागे.
उंदरांना मात्र होता.

डॉक्टर चिरायचे, कारकून लिहायचा.
रोग सापडला की तांबडी शाई.
तांबडी शाई म्हणजे दुसऱ्या सकाळी दारात शिपाई,
भांडीकुंडी रस्त्यावर, फिनेल, चुना,
कौलं उतरवून घरात ऊन सोडायचं
आणि काखेत, जांघेत चाचपायचं,
बायकांनासुद्धा.

कारकुनाचं नाव पहिल्या पानावर:
मोरेश्वर जगन्नाथ धैर्यवान, राहणार ठाकुरद्वार.
आडनावावर मी हसणार नाही.
अकराशे चार नोंदी, एक खाडाखोड नाही.

अकराशे पाचवी चाकूने खरवडलेली.

पानाखाली दिवा धरला.
आधी 'ठा' दिसला. मग 'कु'चा उकार.
मग दुसरा मजला, आणि माळा.
वर, त्याच वळणात, जरा घाईने:
कामाठीपुरा, सातवी गल्ली, तळमजला, मागची खोली.
शेरा: कुलूप.

म्हणजे त्याने रिकामी खोली शोधली.
एवढं मी त्याच्या बाजूने म्हणेन.
ती खोली वहीत आधीही येऊन गेली होती,
'राहणारे गावी गेले.'
कोणाचं काय बिघडणार?
एका कुलपाला चुना लागेल.

दुसरी वही त्याच गाठोड्यात होती, इस्पितळाची.
चौथ्या दिवशी, तोच पत्ता:
पोशव्वा, बाप राजन्ना, खडी फोडणारा. वय नऊ.
'कुलूप तोडता आत सापडली.'
बाप सकाळी बाहेरून कुलूप लावून जायचा,
रात्री उघडायचा.
ताप. गाठ नाही.
खाली, दुसऱ्या शाईत: गाठ.
त्याखाली फक्त तारीख.

ठाकुरद्वारच्या दुसऱ्या मजल्यावर
त्या महिन्यात कोणी मेलं नाही. मी शोधलं.
कोणी मेलं असतं तर
मला ही कविता सोपी गेली असती.

यापुढचं माझ्या मनचं:
त्या संध्याकाळी त्याने पाय धुतले, दोनदा,
कंदील घेऊन माळ्यावर चढला.
खालून बायको म्हणाली, काय शोधताय?
तो म्हणाला, ओव्याची बरणी.
ओवा खाली, चुलीशेजारीच होता.
तिने बरणी उचलून पदराआड धरली,
आणि तो उतरेपर्यंत काही बोलली नाही.

वही पुढे तेराशे साठपर्यंत जाते.
अक्षर तेच, ओळ तशीच सरळ.
फक्त जिथे जिथे 'कुलूप' असा शेरा,
तिथे पुढे एक प्रश्नचिन्ह,
टाचणीच्या डोक्याएवढं.
साहेबाने निळ्या पेन्सिलीने ती खोडली आहेत.
पुढच्या पानावर ती परत आहेत.

खरवडल्या जागी कागद सायीसारखा पातळ.
नियमाने दोन्ही बाजूंनी जोड द्यायला हवा.
मी मागून दिला. पुढून उघडं ठेवलं.
कडा मात्र सगळ्या कुरतडलेल्या,
कोणी, ते सांगायला नको.
म्हणून आज खळीत मोरचूद घातला,
नेहमीपेक्षा चिमूटभर जास्त.