चौकटीबाहेर

रिओ उर्तादोच्या दरीत, शेळ्यांच्या गोठ्यामागे
नोल्फा अरायानं दुर्बीण मांडली आहे.
खालच्या वळणावर ट्रक आला की दिवे डोंगर चढतात
आणि पाच मिनिटांची एक चौकट वाया जाते.
ती शिवी घालते, हळू,
कुत्री जागी होतील म्हणून.

आजची अकरावी रात्र.
लाल गाळणी झाली, निळी झाली, आता हायड्रोजनची.
पडद्यावर आधी नुसती भुरभुर,
पीठ सांडल्यासारखी.
चौकटीवर चौकट रचत गेलं
की साय धरावी तसं धरत येतं:
मधे पिवळट म्हातारा ठिपका,
भोवती बरंचसं काही नाही,
आणि मग काठावर
निळ्याची ही दाटी.

“चाक निखळलंय कुणाचं तरी,” एवारिस्तो म्हणतो.
भाचा. वय चौदा. हातात चीजचा तुकडा.

चाक नाही रे.
एक लहान दीर्घिका आली
आणि मोठीच्या ऐन पोटातून आरपार गेली.
तारा ताऱ्यावर आपटला नाही, इतकी जागा असते आत.
फक्त ओढ बसली.
सगळं मधाकडे झुकलं
आणि सावरता सावरता बाहेर लोटलं गेलं.
लाट निघाली
वायू दाबत, जाईल तिथे तारे पेटवत.
हे कडं म्हणजे तिचा आजचा मुक्काम.
आजचा म्हणजे,
आपल्या डोंगरांना अजून नाव नव्हतं
त्या काळचा.

“मग आरपार गेलं कोण?”
शेजारी दोन लहान दीर्घिका आहेत,
तो त्यांच्यावर बोट ठेवतो. काचेवर चीजचा डाग.
“या दोघींतली एक?”

असेल.
पण काहींना संशय तिसरीचाच.
रेडिओच्या कानाला वायूचा एक धागा लागलाय
कड्यापासून तिच्यापर्यंत ताणलेला.
ती लांब गेली आहे.
माझ्या चौकटीत नाही.

एवारिस्तोचा बाप कालामाच्या खाणीकडे गेला
त्याला नऊ वर्षं झाली.
गोठ्यात एक घंटा किणकिणते, थांबते.

“मग सरकव की थोडी.”

तीनला चंद्र उगवेल.
कड्याच्या अजून बारा चौकटी हव्या आहेत,
मघाशीच तिनं हिशेब केला होता.
ती पडद्याकडे बघते. पोराकडे नाही.
मग अंगठाभर फिरवते खिट्टी;
कडं सरकत सरकत
खालच्या काठाला जाऊन टेकतं,
वर उघडतो नुसता काळोख.

पाच मिनिटं.
ट्रक येऊ नये.