एकोणचाळिसावा पेला

तीन महिने शिक्षा झाली तबिथाला,
मोदक खाल्ला म्हणून.

वेंगुर्ल्यात चतुर्थी. शेजारची केरकरांची सून अडलेली,
गाडी मिळेना. रात्रभर हिनंच तिची पाठ शेकली.
पहाटे पोर रडलं, तशी सासूनं
आदल्या दुपारचा गार मोदक हिच्या हातावर ठेवला,
आणि ही, नर्स माणूस, उपाशी,
उभ्या उभ्या खाऊन मोकळी झाली.
एवढंच.

वडीलमंडळीची सभा बसली. वही माझ्याकडे.
एकोणीस वर्षं माझ्याकडेच होती:
कुणाचा दशमांश थकला, कोण रविवारी बाजारात दिसलं,
कुणाच्या पोरीनं टिकली लावली,
दारूचा वास, सिनेमा, लग्नातली हळद.
लाल शाई मीच आणायचो सावंतवाडीहून.
माझ्या अक्षराला तिथं मान होता.
अरवाडे म्हणाले, लिहा.
मी लिहिलं.
रेघ किंचित हलली, बाकी वळण नेहमीचं.

प्रभुभोजनाचे पेलेही मीच मांडायचो.
बोटाएवढे, काचेचे. शनिवारी रात्री धुवायचे,
मलमलीनं पुसायचे, उजेडाला धरून डाग बघायचा.
आम्ही एकोणचाळीस. त्या शनिवारी अडतीस मांडले
आणि हातात एक उरला.

कितीतरी वेळ मी तो पुसत होतो.

रविवारी पाळकांनी कृपेवरच सांगितलं. छान सांगितलं.
फुकट मिळते, म्हणाले, कमावता येत नाही.
मागच्या बाकावर तबिथा, मान खाली.
तिच्यासमोरून ताटली गेली
जशी विनंती थांब्यावरून एसटी जाते.

मला कुणी काढलं नाही.
वही अरवाड्यांच्या टेबलावर ठेवली, वर किल्ली ठेवली,
आणि टेकडीच्या पायऱ्या उतरलो.

लोक विचारतात, आता कुठं जाता? कॅथलिक झालात?
की त्या नव्या हॉलमध्ये टाळ्या वाजवता?
विमल अजून जाते, छत्री घेऊन, एकटी.
कुठलं गीत झालं ते सांगत नाही,
पण भाजी चिरताना गुणगुणते, मला कळतं.
घंटा झाली की माझे पाय अजून चपला शोधतात.

मी किनाऱ्यावर जातो. रापण लागलेली असते.
पहिल्या दिवशी नुसता उभा होतो, हात मागे बांधून, सवयीनं.
कुणीतरी हाक मारली. ओढली दोरी, तळहात सोलले.
जाळ्यात पेडवे, चार बांगडे, बाकी सगळा चिखल.
वाळूत वाटे पडले. मी निघालो तर म्हातारा सातू गिरप म्हणाला,
"खंय चाललंस? दोरीक हात लायलंस मा? मगे वाटो तुझो."
म्हटलं, मी शेवटी आलो, जाळं तर काठाला लागलं होतं.
तो हसला. "तां कोण लिवून ठेवता?"

फार सोपं करायचं नाही मला हे.
वाट्यावरून तिथंही भांडणं होतात,
जाळंवाल्याचा वाटा मोठाच असतो.
आणि कबर रिकामी झाल्यावरच्या त्या पहाटेही
किनाऱ्यावर बसून कुणीतरी मासे मोजलेच ना,
एकशे त्रेपन्न.
निखाऱ्यांवर भाकर तयार, समोर प्रभू,
आणि हा मोजतोय.
माझ्यासारखाच कुणी असणार.

तबिथा? ती कुठंच गेली नाही.
तीन महिने संपले, तिनं उभं राहून माफी मागितली,
सगळ्यांसमोर, मोदकाची.
परवा बाजारात भेटली. पिशवीत केरकरांच्या नातवासाठी टोपडं.
म्हणाली, पेल्यांना हल्ली डाग राहतात, काका.
पुसायला तरी या.
मला काही सुचलं नाही. भाव विचारत बसलो कोकमाचा.

ती परत आली, मी गेलो,
म्हणजे अडतीसच पुरत असतील.

एकोणचाळिसावा माझ्याकडे आहे.
त्या रात्री सदऱ्याच्या खिशातून आला.
चोरीच ती, वहीत नोंद नाही.
खिडकीत असतो. कधी त्यातून खोकल्याचं औषध घेतो,
कधी नुसताच उजेडाला धरतो.