तिसरी वाट

व्याजवाडीतून वैराटगडाला तीन वाटा.
पहिली सोंडेवरून, लांबलचक,
पोरं मोबाइलवर गाणी लावून जातात.
दुसरी घळीतली : गुडघा हनुवटीला लागतो,
करवंदीच्या जाळ्या सदरा सोडत नाहीत.

दोन्हींवर मी पांढरे बाण मारले,
वळणागणिक एक,
पंचायतीच्या हिशेबात.

तिसरीशी आलो तेव्हा डबा खरवडत होतो.
तानूबाई शेळ्या घेऊन उतरत होती.
म्हणाली, "हिला नगं रंगवू.
वैशाखात टाक्यातलं पानी
माझ्या शेरडांपुरतंच उरतंय."

वहीत लिहिलं : वाटा दोन.
खाली सही.
रंग संपला होता,
हे तिला सांगितलं नाही.

परवा तिसरीनंच चढलो.
बाण नाही, खूण नाही.
नुसत्या लेंड्या,
काळ्या, ताज्या,
थेट टाक्यापर्यंत.